फडताळातला निळ्या कडीचा डबा

ही गोष्ट खरी आहे. आईशप्पथ, गळ्याला हात लावून सांगतो. डोंबिवली पूर्वेच्या ज्या बिल्डिंगीत ती घडली तिथेच मी तेव्हा राहत होतो, आणि जे घडलं ते भरल्या खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. माझ्या नाही. म्हणजे असं, की ज्या मंगळवारी ते घडलं त्या दिवशी अंगारकी होती आणि मी टिटवाळ्याला गणपतीच्या रांगेत उभा होतो. तेव्हा मी सांगणार ते सगळं ऐकीव. पण ऐकीव गोष्टीचं एक बरं असतं. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस विसरतं. ऐकलेलं मात्र तिखटमीठ लावून बरणीत भरून ठेवतं. तर खरी आहे, एवढं धरून चला.

१

मंजुळा निवासात पहिला रंगीत टीव्ही आणला तो महिपत कुडतरकराने. महिपत एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात होता. आठवड्याला तिकडे कुठला रंग निघाला ते त्याच्या नखांवरून अख्ख्या बिल्डिंगला कळायचं. अशा माणसाने घरी येऊन काळंपांढरं बघत बसावं हे त्याचं त्यालाच पटेना.

साल सत्त्याऐंशी असेल, नाहीतर अठ्ठ्याऐंशी. दर मंगळवारी संध्याकाळच्या बातम्या आटोपल्या की 'खासनीस सदन' लागायचं. मोठं घर, घरात भांडणं, भांडणांत रडणं. आणि महिपतच्या बाहेरच्या खोलीत आम्ही सगळे. गोमाजीकाका खुर्चीत, कारण ते रेल्वेतून रिटायर झाले होते आणि त्यांना गुडघे होते. तळमजल्याच्या आवडाबाई टीव्हीला इतक्या चिकटून, की खासनीसांच्या सुनेने पदर झटकला तर ह्यांनी डोळे मिटावेत. समोरच्या बिऱ्हाडातल्या वासंतीबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्या दारातच उभ्या राहायच्या. 'मी काही बघायला आलेली नाही' हे दाखवण्यासाठी त्या शेवटपर्यंत उभ्या असत.

महिपत मात्र गोष्ट बघतच नसे. तो मागची भिंत बघायचा.

खासनीसांच्या दिवाणखान्याच्या मागच्या भिंतीत एक फडताळ होतं, आणि त्याला लागून स्वयंपाकघराचं दार. एका मंगळवारी फडताळात नेहमीच्या भांड्यांमध्ये एक तांब्याचा गडवा दिसला. पुढच्या भागात धाकटी सून माहेरी गेली ती गेलीच. मग एक चिनी मातीची बरणी दिसली. पुढच्या भागात आजोबा काशीला गेले आणि पुन्हा कोणी त्यांचं नाव काढलं नाही. मग एक कासंडी. त्या कासंडीपायी थोरल्या आत्याबाई गेल्या. तेव्हा महिपतने मांडीवर थाप मारून सिद्धान्त मांडला.

"फडताळात परकं भांडं दिसलं, की पुढच्या मंगळवारी घरातलं एक माणूस वजा!"

"मालिका लांबली की माणसं गळतातच," वासंतीबाई दारातून म्हणाल्या. "एखाद्याला सिनेमात काम मिळालं असेल."

"मग भांडं कुठून आलं?"

"भाड्याने आणलं असेल."

"बाई, तुम्ही आपले पाढे शिकवा," गोमाजीकाका म्हणाले. "हे डोक्याचं काम आहे."

महिपतचा दुसरा सिद्धान्त तर ह्याहून खोल होता. तो सांगताना तो आवाज खाली आणायचा. "आता दाराच्या आत बघा. स्वयंपाकघरात." तिथे कोणीतरी बाई पाठमोरी काम करत असायची. पहिल्यांदा एकच होती. गडव्यानंतर दोन झाल्या. पुढच्या खोलीतली माणसं कमी होत होती आणि मागच्या खोलीतल्या पाठी वाढत होत्या. बरणीनंतर तर त्यांच्यात एक म्हातारा येऊन बसला, पाठमोराच, लसूण सोलत.

"म्हणजे आजोबा काशीला गेलेच नाहीत! आत लसूण सोलतायत!" आवडाबाई ओरडल्या.

"आजोबांना टक्कल आहे," महिपत म्हणाला. "ह्या माणसाच्या डोक्यावर केस बघा."

"मग हा कोण?"

ते मात्र महिपतलाही माहीत नव्हतं. इथपर्यंत आलं की स्वयंपाकघरातून त्याची बायको मालन बाहेर यायची. माहेर कराडकडचं, बोलणं मिरचीचं. ती काही बोलायची नाही. नुसता हात वर करून हवेतलं एक बटण डावीकडे पिळायची. टीव्ही बंद करतात तसं. म्हणजे, पुरे तुमचं, बंद करा. आणि आयुष्यात सायबापुढे मान न तुकवलेला महिपत तिथल्या तिथे बंद व्हायचा. लग्न झाल्यापासूनचा शिरस्ता होता तो. टीव्ही येण्याआधी ती रेडिओचं पिळायची.

२

त्या मंगळवारी फडताळात एक डबा होता.

स्टीलचा, कडीचा. एका बाजूने चेपलेला. आणि त्याची कडी निळी होती.

महिपतने तोंड उघडलं, सिद्धान्त सांगायला, आणि ते तसंच उघडं राहिलं. त्याच्या घरच्या डब्याची कडी तुटली तेव्हा त्याने स्वतः कारखान्यातून वायरीचा तुकडा आणून ती बसवली होती. निळ्या प्लास्टिकची वायर. पीळ उलटा पडला होता म्हणून मालनने आठवडाभर टोमणे मारले होते. पडद्यावरच्या कडीचा पीळ उलटा होता.

"अगं, जरा बाहेर ये."

मालन आली. पदराला हात पुसत तिने पाहिलं. "अगंबाई! माझा डबा!"

खासनीसांची मधली सून रडत होती तीसुद्धा हळू रडतेय असं वाटलं.

"डबा घरात नाही?" महिपतने विचारलं.

"असेल कसा? दिवाळीत कळव्याला मनुमावशीकडे चिवडा दिला त्यात. अजून परत आलेला नाही."

आता कळव्याच्या मावशीकडे गेलेला डबा खासनीसांच्या घरी कसा गेला, असं दुसरं कोणी विचारेल. आमच्याकडे कोणी विचारलं नाही. भरून आलेला डबा रिकामा परत द्यायचा नसतो. त्यात घालण्याजोगं काही होईपर्यंत तो घरात अडकतो, आणि कधी काही झालंच, तर तिसऱ्यालाच काही द्यायची वेळ येते आणि हाताशी तोच डबा असतो. असे आमचे अर्धे डबे मुलुखगिरीवर असायचे. माझा एक अजून कसाऱ्याला आहे.

तेव्हा डबा तिथे गेला ह्याचं कोणाला नवल वाटलं नाही. नवल निराळ्याच गोष्टीचं होतं, आणि ते आवडाबाईंनी बोलून दाखवलं.

"पण महिपतभावजी... डबा मालनचा. मग पुढच्या मंगळवारी वजा कोण?"

महिपतने दाराच्या आतल्या पाठी मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. त्याला पहिल्यांदाच एक गोष्ट सुचली होती. ज्याच्या डोक्यावर केस होते त्या लसूण सोलणाऱ्या म्हाताऱ्याची, कुठेतरी, कोणाच्या तरी घरी, एक चिनी मातीची बरणी हरवलेली असेल.

३

दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंग मालनशी चांगली वागायला लागली.

आवडाबाई शिऱ्याची वाटी घेऊन आल्या. नळावर तिला पुढे जाऊ दिलं. "असू दे गं, तू भर आधी," म्हणाल्या, आणि डोळे पुसले. मग हळूच म्हणाल्या, "ते तुझं मिरचीचं लोणचं... किती मोहरी घालतेस? नाही, सहज विचारते. माणसाचं सांगता येत नाही." गोमाजीकाका स्वतः गुडघे घेऊन दुसरा मजला चढून आले आणि "पोरी, सुखी राहा" असं म्हणाले, ते ज्या आवाजात म्हणाले त्या आवाजात आमच्याकडे माणसं फक्त स्मशानातून परतल्यावर बोलतात.

मालन खूश होती. "अहो, तुमच्या अकलेचा पहिल्यांदा काहीतरी उपयोग झाला. आठवडाभर चूल पेटवायला नको."

महिपत मात्र कासावीस. त्याने आपला सिद्धान्त मोडायला घेतला. जिन्यात उभा राहून लोकांना सांगू लागला, की ते सगळं योगायोग होतं, आत्याबाईंच्या नटीला खरंच सिनेमा मिळाला असेल, फडताळ म्हणजे नुसतं फडताळ असतं.

"वा!" गोमाजीकाका भडकले. "आम्ही इतके मंगळवार बसलो ते उगाच? गडवा खोटा? बरणी खोटी? अरे, स्वतःच्या घरावर आलं म्हणून सिद्धान्त बदलायचा नसतो!"

शेवटी तो वासंतीबाईंच्या दाराशी गेला. त्यांच्या दाराशी जाऊन काही विचारणं हीच केवढी नामुष्की.

"बाई, हे खोटं आहे ना?"

"शंभर टक्के."

"मग मला भीती का वाटतेय?"

वासंतीबाईंनी चष्मा काढून पुसला. "कारण बाकीच्या सगळ्यांना मजा वाटतेय. कोणीतरी घाबरायला नको का?" मग जरा थांबून म्हणाल्या, "असं करा. तो डबाच घेऊन या. फडताळात डबा नसला तर तुमच्याच नियमाने माणूस वजा होत नाही. ताळा जुळला."

महिपत धावतच घरी आला. मालनला काही सांगायची गरजच पडली नाही. ती मोरपंखी साडी नेसून तयार होती.

"चला. मला माझा डबा पाहिजे. टीव्हीवर गेला म्हणून काय झालं? चिवडा तर मी भरला होता."

४

कळव्याला मनुमावशीने कपाळावर हात मारला. डबा भरून परत द्यायचा म्हणून तिने चकल्या केल्या होत्या, तर नेमकी मासे विकणारी तुळसा दारात आली; पोरगी बाळंत झालेली; मग त्या चकल्या तिच्या पदरात पडल्या. डब्यासकट.

तुळसा खाडीकडच्या गल्लीत जाळं सुकवत बसली होती. "निल्या कडीचा? त्यो मी बंगल्याव दिला. रिकामा कसा परत देऊ, म्हनून सोडं भरून ठेवलेलं. तवर शूटिंगची मानसं सोडं मागाला आली. दिला डबाच."

"कंचा बंगला?" मालनने तिच्याच सुरात विचारलं.

तुळसाने खाडीकडे हात केला. मग मालनकडे जरा निरखून बघत म्हणाली, "दोगं जाताव का? बरं. दोगंच या परत."

वाटेत बाभळीच्या काट्यात मालनचा पदर अडकला आणि टर्रकन फाटला, चांगला वीतभर. "हे तुमच्या खासनीसांकडून भरून घेणार," ती म्हणाली.

बंगला जुना, खाडीला पाठ करून उभा. दुपारचं ऊन बाहेर, आत काळोख. सामान सांभाळणारा सहदेव नावाचा माणूस एकटाच होता, बनियनवर, केळं खात. शूटिंग केव्हाच संपलं, म्हणाला. सगळे भाग काढून झाले, आता सेट मोडायचा. डब्याचं सांगितल्यावर त्याला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

"या की. गडवावाल्या बाई पण आल्या होत्या न्यायला. बरणीवाले आजोबा आले होते, सोबत त्यांचा मुलगा."

"मग?" महिपतने घाईने विचारलं.

"मग काय? नेलं आपापलं भांडं आणि गेले घरी. आम्ही काय खाणार आहोत ती भांडी?"

महिपतला इतकं हलकं वाटलं की त्यानेही एक केळं मागून घेतलं.

सहदेवने एक दिवा लावला. तर हे खासनीस सदन! महिपतला हसूच आलं. भिंती फळ्यांच्या आणि कापडाच्या, तीनच. चौथीच्या जागी नुसता अंधार. तो अंधार म्हणजे आपली खोली, महिपतच्या मनात आलं. इतके मंगळवार आपण तिथे बसून इकडे बघत होतो. त्याने तिकडे पाठ केली. पाठ केल्यावर मानेला काहीतरी जाणवलं, दारात वासंतीबाई उभ्या असल्या की जाणवतं तसं.

फडताळ मात्र खरं होतं, आणि त्यात डबा. मालनने तो उचलून झाकण उघडलं, वास घेतला. "सोड्यांचा वास जाणार नाही आता जन्मात."

"रिकामा नका नेऊ, वहिनी," सहदेव म्हणाला. "थांबा, बघतो काय आहे ते," आणि केळ्याचं साल घेऊन बाहेर गेला.

तेवढ्यात फडताळाशेजारच्या बंद दारापलीकडून आवाज आला. खर्र. खर्र. खर्र. कोणीतरी विळीवर नारळ खवत होतं.

"आत बायका आहेत वाटतं," मालन म्हणाली. "धरा हा डबा." आणि दार लोटून आत गेली.

दार तिच्यामागे आपोआप मिटलं. महिपत निळी कडी धरून उभा. खवण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पण आधीचा आवाज दमलेल्या हाताचा होता. हा ताज्या हाताचा. कारखान्यात शिफ्ट बदलते तेव्हा यंत्राचा आवाज तोच असून वेगळा येतो, ते महिपतला बरोबर कळायचं.

सहदेव गुळाचा खडा घेऊन आला. "वहिनी कुठे?"

"स्वयंपाकघरात."

"कुठल्या?"

"हे काय, ह्या दाराच्या आत. तुमच्या मालिकेतलं."

सहदेव केळं खाल्लेल्या तोंडाने हसला. "साहेब, स्वयंपाकघर कुठंय आमच्याकडे? नुसतं दार आहे. त्याच्या मागे भिंत पडलीय, पलीकडे खाडी."

महिपतने दाराकडे झेप घेतली, तर ते उघडलं आणि मालन बाहेर आली. शांत. हात ओले होते, ते तिने पदराला पुसले.

"काय होतं गं आत?"

"काही नाही. खाडी." तिने डबा त्याच्या हातातून घेतला आणि सहदेवपुढे धरला. सहदेवने त्यात गुळाचा खडा टाकला. रिकामा डबा न्यायचा नसतो.

५

संध्याकाळी महिपत जेवायला बसला. आमटीचा पहिला भुरका मारला आणि थांबला.

आमटी गोड होती.

मालनच्या माहेरी आमटीत गूळ घालणाऱ्याला पाहुणा समजून सोडून देत, घरचा असला तर बोलणी बसत. "गूळच घालायचा तर खीर म्हणा की," हे तिचं लग्नातलं वाक्य अजून सासरचे विसरले नव्हते.

"गूळ घातलास?"

"डब्यातला होता ना. वाया कशाला घालवायचा?"

पटण्यासारखं होतं. महिपत निमूट जेवला. मग त्याचं लक्ष दोरीवरच्या मोरपंखी साडीकडे गेलं. उठून त्याने पदर तपासला, इकडून, तिकडून. पदर अख्खा होता.

"शिवला मी," ती म्हणाली.

टाका दिसत नव्हता. पण बाईमाणसाचं शिवण चांगलं असू शकतं, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि आपल्या शर्टाला तिने लावलेल्या लाल बटणाकडे बघायचं टाळलं.

मग त्याने आडून आडून परीक्षा घेतली. लग्नात तुझा मामा कशावरून रुसला होता? पापडावरून. माझी चप्पल कुठे चोरीला गेली? देवळात, मालन तेव्हा ओरडली होती तेही सांगितलं. माझ्या आईला तू पहिल्यांदा काय उलटून बोललीस? शब्दन् शब्द. सगळं बरोबर. आणि तेच महिपतला खटकलं. इतक्या प्रश्नांमध्ये एकदा तरी तिने 'तुम्हाला काय करायच्यात नसत्या चौकशा' म्हणायला हवं होतं.

त्याला राहवेना. त्याने मुद्दामच विषय काढला. "मला काय वाटतं, त्या मागच्या पाठी म्हणजे..."

मालन हातातलं काम टाकून त्याच्यासमोर येऊन बसली. हनुवटी तळहातावर टेकली. महिपत बोलत राहिला, बोलत राहिला, कधी एकदा बंद होतो असं त्याला झालं. तिचा हात काही वर गेला नाही. तो थांबल्यावर ती पुढे वाकून, मन लावून म्हणाली,

"पुढे?"

६

अंगारकीच्या मंगळवारी खोलीत मुंगीला जागा नव्हती. काहीजण कल्याणहून आले होते. आवडाबाईंनी चुकून येताना हळदीकुंकवाची कोयरी आणली होती, ती पदराखाली लपवली.

मालिका सुरू झाली. फडताळ दिसलं. डबा नव्हता.

"नाही!" महिपत ओरडला. "डबा नाही! बाई, ताळा जुळला!"

दारातून वासंतीबाईंनी, आम्ही कधी पाहिलं नाही असं, हसून मान डोलावली. बाकी खोली खट्टू झाली. गोमाजीकाका म्हणाले, "म्हणजे काहीच नाही होणार?" आणि मालन ज्या स्वयंपाकघरात कपबश्या लावत होती तिकडे त्यांनी जरा दुखावल्यासारखं बघितलं.

मग खासनीसांचा मधला मुलगा भांडून निघून गेला. जाताना त्याने स्वयंपाकघराचं दार उघडं टाकलं.

आत पाठी होत्या. लसूण सोलणारा म्हातारा होता. आणि त्याच्या शेजारी एक नवी बाई विळीवर बसून नारळ खवत होती. मोरपंखी साडी. पाठीवरच्या पदराला वीतभर फाटलेलं, आणि ती फाटकी चिंधी तिच्या हाताबरोबर हलत होती. खर्र. खर्र.

"मोरपंखी साड्या कल्याणच्या सेलमध्ये ढिगाने होत्या," वासंतीबाई म्हणाल्या. पण त्या दारातून आत आल्या होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या— म्हणजे सगळ्यांच्या— मधे जमिनीवर बसल्या होत्या.

तेवढ्यात मालन चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "अगंबाई, थेट माझ्यासारखी पाठ!"

सगळे हसले. मालन डोळ्यांसमोर धडधाकट उभी, चहा हातात. चहात गूळ. वजा कोणीच झालेलं नव्हतं.

पडद्यावरची बाई खवत राहिली. तिने काही मागे वळून पाहिलं नाही.

आणि मग महिपत उठला, टीव्हीपाशी गेला, आणि त्याने बटण डावीकडे पिळून टीव्ही बंद केला. भाग अर्धा राहिलेला. कल्याणची माणसं अवाक झाली. का बंद केला ते त्याने कोणाला सांगितलं नाही, आणि त्यानंतर मंगळवारी तो टीव्ही कधी लागला नाही. महिपत अजून डोंबिवलीतच असतो. त्याला आता साखरेचा त्रास आहे.

७

आता खोटं काय ते सांगून टाकतो, गळ्याला हात लावलाय.

बिल्डिंगचं नाव मंजुळा निवास नाही. मालिकेचं नाव खासनीस सदन नव्हतं. खरं सांगितलं तर तुम्ही जुने भाग शोधत बसाल. हळदीकुंकवाची कोयरी मी घातली, आवडाबाई मला क्षमा करोत.

आणि त्या अंगारकीला मी टिटवाळ्याला गेलो नव्हतो. मी पहिल्या रांगेत होतो, महिपतच्या मांडीला मांडी लावून.

तेव्हा 'तिने मागे वळून पाहिलं नाही' हे जे वर लिहिलंय, ते वाक्य तेवढं माझ्या पदरचं. ती वळली. विळीवर बसल्या बसल्या तिने मान वळवली आणि आमच्या खोलीकडे पाहिलं. कोण कोण आलंय ते पाहिलं, चहा कोणी केलाय ते पाहिलं. घाबरलेली मुळीच दिसली नाही. वैतागलेली दिसली. मग तिने महिपतकडे बघत खोबऱ्याने माखलेला हात वर केला आणि हवेतलं एक बटण डावीकडे पिळलं.

म्हणून तो उठला. लग्न झाल्यापासूनचा शिरस्ता.

पडदा काळा झाला, त्यात आम्ही सगळे बसलेले दिसत होतो. आणि मागून, ट्रे खाली ठेवत, मालन गोड आवाजात म्हणाली,

"अहो, बंद का केलात? पुढे?"